कलम सहा, सात आणि सोळा : पराग्वेविरुद्धचा १८६५ चा त्रिपक्षीय करार

कृष्णाकाठ

दक्षिण अमेरिका म्हटलं की आपल्याकडे बोलिव्हार, चे गेव्हारा आणि फुटबॉल. त्या खंडातल्या सर्वांत भीषण युद्धाबद्दल मराठीत फारच कमी वाचायला मिळतं, म्हणून हा धागा काढते आहे. लढायांची जंत्री द्यायची नाही. ज्या कागदावर हे युद्ध उभं राहिलं, त्या कागदाबद्दल बोलायचं आहे.

१ मे १८६५ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये तीन माणसांनी एका करारावर सह्या केल्या. ब्राझीलच्या साम्राज्याकडून फ्रान्सिस्को ओक्ताव्हियानो, अर्जेंटिनाकडून परराष्ट्रमंत्री रुफिनो दे एलिझाल्दे, उरुग्वेकडून कार्लोस दे कास्त्रो. चौथा देश पराग्वे, ज्याच्याविरुद्ध हा करार होता.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात. उरुग्वेत ब्लांको आणि कोलोरादो या दोन पक्षांचं हाडवैर. कोलोरादोंचा नेता व्हेनान्सिओ फ्लोरेस १८६३ मध्ये अर्जेंटिनातून मूठभर साथीदार घेऊन उरुग्वेत उतरला. अर्जेंटिनाचे अध्यक्ष बार्तोलोमे मित्रे यांचा त्याला आडून पाठिंबा होता. १८६४ मध्ये ब्राझीलने उघडपणे फौज घुसवली. सत्तेतल्या ब्लांकोंनी पराग्वेचे अध्यक्ष फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ यांच्याकडे मदत मागितली. पराग्वेला समुद्र नाही. बाहेरच्या जगाशी सगळा व्यवहार पाराना नदीने, रिओ दे ला प्लाताच्या मुखातून. मोंतेव्हिदेओ ब्राझीलच्या मुठीत गेलं तर आपला गळा आवळला जाईल ही लोपेझची भीती अगदीच निराधार नव्हती. त्याने ब्राझीलला निर्वाणीचा इशारा दिला, नोव्हेंबरात 'मार्केस दे ओलिंदा' ही ब्राझीलची आगबोट पकडली आणि डिसेंबरात माटो ग्रोसो प्रांतावर चाल केली. पण उरुग्वेला पोचायचं तर मधे अर्जेंटिनाचा कोर्रिएन्तेस प्रांत. मित्रेंनी वाट नाकारली. लोपेझने त्यांच्याशीही युद्ध पुकारलं आणि एप्रिल १८६५ मध्ये कोर्रिएन्तेस घेतलं. तोवर मोंतेव्हिदेओत फ्लोरेसची सत्ता आलीच होती, म्हणजे ज्या मित्राला वाचवायला लोपेझ निघाला तो केव्हाच पडला होता. आणि शतकभर एकमेकांकडे संशयाने बघणारे ब्राझील आणि अर्जेंटिना त्याने स्वतःच्या हाताने एका बाजूला आणून बसवले.

आता करार. एकोणीस कलमं. मला त्यातली तीन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात.

सातवं म्हणतं की हे युद्ध पराग्वेच्या जनतेविरुद्ध नाही, तिच्या सरकारविरुद्ध आहे. लगेच आठवं म्हणतं की पराग्वेचं स्वातंत्र्य, सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता आम्ही जपू. वाचायला फार चांगलं.

मग सोळावं येतं. त्यात सीमा आधीच आखून ठेवल्या आहेत. अर्जेंटिनाला मिसिओनेस आणि पराग्वे नदीच्या पश्चिमेचा चाको, पार उत्तरेला बाहिया नेग्रापर्यंत. ब्राझीलला आपा नदीपर्यंतचा भाग. म्हणजे युद्धाच्या पहिल्याच टप्प्यात, शत्रू अजून कोर्रिएन्तेसमध्ये बसलेला असताना, त्याची जमीन वाटून झाली होती. चौदाव्या कलमाने युद्धाचा सगळा खर्चही पराग्वेच्याच डोक्यावर टाकला.

पण माझ्या मते सगळ्यांत घातक आहे ते सहावं. लोपेझचं सरकार उलथेपर्यंत तिघांपैकी कोणीही शस्त्र खाली ठेवणार नाही, आणि सगळ्यांच्या संमतीशिवाय कोणीही वेगळा तह किंवा युद्धबंदी करणार नाही. जमीन हवी असलेल्या शत्रूशी तडजोड होऊ शकते. पण समोरच्या राज्यकर्त्याला सांगितलं की तू जाईपर्यंत आम्ही थांबणार नाही, तर त्याच्याकडे देण्यासारखं काय उरतं? आणि तो राज्यकर्ता लोपेझसारखा, स्वतःला आणि देशाला एकच समजणारा असेल तर?

याचा पुरावा सप्टेंबर १८६६ मध्ये मिळतो. १२ तारखेला याताइती कोरा इथे लोपेझ आणि मित्रे समोरासमोर बसले. फ्लोरेसही आला होता, पण लवकर निघून गेला. ब्राझीलचे सेनापती पोलिदोरो यांनी यायलाच नकार दिला. लोपेझची बोलणी करायची तयारी होती. मित्रेंचे हात कराराने बांधलेले होते. भेट निष्फळ ठरली. दहाच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, दोस्त राष्ट्रांनी कुरुपायतीच्या खंदकांवर समोरून हल्ला चढवला आणि त्यांचे सुमारे चार हजार सैनिक पडले किंवा जखमी झाले. पराग्वेचे शंभरच्या आत. पुढे अर्जेंटिनाचे अध्यक्ष झालेले सार्मिएन्तो यांचा मुलगा दोमिंगितो तिथेच गेला. कांदिदो लोपेझ नावाचा चित्रकार तिथे उजवा हात गमावून बसला. तो नंतर डाव्या हाताने शिकला आणि या युद्धाची चित्रं त्याने त्याच हाताने काढली.

त्या भेटीत तह झाला असता तर पुढची साडेतीन वर्षं टळली असती असं मला मनापासून वाटतं. शेवट १ मार्च १८७० ला सेर्रो कोराच्या रानात, लोपेझ मारला गेला तेव्हा झाला. तोवर पराग्वेत लढायला पुरुष उरले नव्हते. १६ ऑगस्ट १८६९ च्या अकोस्ता न्यूच्या लढाईत पराग्वेच्या बाजूने मोठ्या संख्येने लहान मुलं होती. पराग्वेत आजही बालदिन १६ ऑगस्टला असतो.

---

निशिगंधा_क

ताई, अकोस्ता न्यूपाशी येऊन थांबले. बालदिनाची तारीख अशी कशी असू शकते हेच डोक्यातून जात नाहीये.

एक प्रश्न. करार गुप्त होता असं कुठेतरी वाचलं होतं. मग तो बाहेर कसा आला?

---

कृष्णाकाठ

@निशिगंधा_क, हो, अठराव्या कलमातच तसं लिहिलंय: मुख्य उद्देश साध्य होईपर्यंत गुप्त ठेवायचा. पण मोंतेव्हिदेओतल्या ब्रिटिश प्रतिनिधीला, विल्यम लेट्सम यांना, शंका आली की दोघे मोठे मिळून पराग्वे गिळणार. त्यांचं समाधान व्हावं म्हणून उरुग्वेच्या कार्लोस दे कास्त्रोंनी विश्वासाने त्यांना एक प्रत दिली. लेट्सम यांनी ती लंडनला परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेल यांच्याकडे पाठवली आणि १८६६ च्या सुरुवातीला ती थेट ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांत छापली गेली!

त्यानंतर खळबळ उडाली. पेरू, चिली, बोलिव्हिया त्याच सुमारास स्पेनशी झुंजत होते, अमेरिकेतल्या प्रजासत्ताकांनी एकत्र राहावं म्हणत होते. त्यांना हे शेजाऱ्याचे लचके तोडणं वाटलं. पेरूने रीतसर निषेध नोंदवला. खुद्द अर्जेंटिनाच्या हुआन बाउतिस्ता आल्बेर्दी यांच्यासारखा माणूस, ज्यांच्या विचारांवर तिथली राज्यघटना उभी आहे, त्यांनी मित्रेंवर टीकेची झोड उठवली. आणि पराग्वेत लोपेझला आयता मजकूर मिळाला. देश वाटून घेणार आहेत हे आता शत्रूच्याच सह्यांनिशी दाखवता येत होतं. त्यानंतर सैनिकाने कशाला शरण यावं?

---

दख्खनी

धागा चांगला आहे, पण तराजू एका बाजूला झुकतोय, म्हणून लिहितो.

लोपेझला कराराने कोपऱ्यात ढकललं हे अर्धंच खरं आहे. माटो ग्रोसोवर आधी हल्ला कोणी केला? अर्जेंटिनाच्या हद्दीत कोण घुसलं? १८६२ मध्ये बाप वारल्यावर गादी वारशाने घ्यावी तशी अध्यक्षपदाची सूत्रं याच्या हातात आली. आणि १८६८ चं काय? पराभव दिसायला लागल्यावर कटाच्या संशयावरून त्याने शेकडो माणसं मारली. सख्खा भाऊ बेनिग्नो, परराष्ट्रमंत्री होसे बेर्खेस, असुन्सिओनचे बिशप पालासिओस, कोणी सुटलं नाही. स्वतःच्या आई-बहिणींचाही छळ केला. हा माणूस याताइती कोराला तह करून सत्ता सोडून युरोपात गेला असता असं मानायला मी तयार नाही.

मुलांना रणांगणात उभं करण्याचा हुकूमही ब्वेनोस आयरेसहून आलेला नव्हता.

आणि अर्जेंटिनात हे युद्ध मनापासून कोणाला हवं होतं? मित्रे तीन महिन्यांत असुन्सिओन घेण्याच्या गोष्टी करत होते, पण एन्त्रे रिओस प्रांताचा नेता उर्किसा याचे घोडेस्वार १८६५ मध्येच बासुआल्दोला छावणी सोडून घरी निघून गेले. पुढे फेलिपे व्हारेलाने पश्चिमेच्या प्रांतांत उघड बंड केलं. तिथला गाऊचो, म्हणजे घोड्यावरचा गुराखी, म्हणत होता की आमचं भांडण ब्वेनोस आयरेसशी आहे, पराग्वेशी नाही.

---

कृष्णाकाठ

@दख्खनी, लोपेझबद्दल तुम्ही लिहिलेलं सगळं मान्य. त्याची बाजू मला घ्यायचीच नाही. पण म्हणूनच सहावं कलम मला जास्त खुपतं. समोरचा माणूस असा आहे हे माहीत असताना, त्याचं उच्चाटन हीच अट ठेवली की त्याच्या हाती सापडलेल्या लोकांचं काय होणार याचा विचार करायला हवा होता. सातवं कलम लोकांचं नाव घेतं, पण त्या लोकांना वाचवण्याचा एकही मार्ग करारात ठेवलेला नाही. डिसेंबर १८६८ च्या लढायांत पराग्वेचं सैन्य मोडलं, जानेवारीत असुन्सिओन पडलं. सेनापती काशियास स्वतः युद्ध संपलं असं मानून परत निघाले. तरी पाठलाग वर्षभर चालू राहिला, आता सम्राटाच्या जावयाच्या, काउंट द्यूच्या हाताखाली. अकोस्ता न्यू त्या वर्षातलं आहे. सम्राट दोम पेद्रोला लोपेझ हवाच होता.

---

आकडेमोड

पराग्वेची लोकसंख्या किती घटली यावर नेटवर वाट्टेल ते आकडे फिरतात, म्हणून जरा सावध राहून लिहितो.

सगळ्यात जास्त दिला जाणारा आकडा १८७१ च्या मोजणीचा : एकूण २,२१,०७९, त्यात प्रौढ पुरुष २८,७४६, स्त्रिया १,०६,२५४, मुलं ८६,०७९. म्हणजे एका प्रौढ पुरुषामागे जवळजवळ चार स्त्रिया. या मोजणीच्या विश्वासार्हतेवर वाद आहे.

युद्धाआधी लोक किती होते हा त्याहून मोठा वाद. १९८८ मध्ये एक अभ्यास आला, त्यात युद्धाआधीची संख्या तीन लाखांच्या आसपास धरून हानी २० टक्क्यांच्या आतच असावी असं मांडलं होतं. १९९९ मध्ये दोन संशोधकांनी १८७० ची एक जुनी मोजणी उजेडात आणली आणि उरलेले लोक दीड लाखाच्या आसपास, हानी ६० ते ६९ टक्के असा अंदाज दिला. त्यावरही टीका झाली. तेव्हा "९० टक्के पुरुष मेले" असं ठामपणे लिहिणाऱ्यांनी थोडं थांबावं. पण कमीतला कमी आकडा घेतला तरी ज्या देशाचं हे झालं त्याच्यासाठी ते भयंकरच आहे. आणि मेलेल्यांतले बरेच गोळीने नाही, पटकीने, उपासमारीने आणि रानोमाळ भटकताना गेले. १८६७ मध्ये पटकी दोन्ही बाजूंच्या छावण्यांत शिरली होती.

---

सुमेधा_रिओ

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं रिओ दि जानेरोत राहिलो. हा धागा वाचून तिथले रस्ते आठवले. शहरात उमाइता नावाचा अख्खा भाग आहे. उमाइता म्हणजे पराग्वे नदीवरचा तो किल्ला, ज्याने दोस्तांना १८६८ पर्यंत अडवून धरलं. बोताफोगोत 'व्होलुन्तारिओस दा पात्रिया' हा मोठा रस्ता, युद्धात भरती झालेल्या स्वयंसेवकांच्या नावाचा. पाइसांदू रस्ता, रियाचुएलो रस्ता. लोक तिथे भाजी घेतात, बस पकडतात. नावं कुठून आली ते फारसं कोणी विचारत नाही. पराग्वेच्या माणसाशी बोललं की लगेच उलट अनुभव येतो. त्याच्यासाठी हे युद्ध काल संपलंय.

तिथल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात 'एल क्रिस्तियानो' नावाची अजस्र तोफ ठेवली आहे. पराग्वेतल्या चर्चच्या घंटा वितळवून ती ओतली होती. उमाइता पडल्यावर ब्राझीलने ती नेली. पराग्वे ती परत मागतोय, ब्राझीलने अजून दिलेली नाही. उरुग्वेने आपल्याकडची युद्धचिन्हं १८८५ मध्येच परत केली आणि अर्जेंटिनाने १९५४ मध्ये अध्यक्ष पेरोनच्या काळात. ब्राझीलनेही काही वस्तू नंतर दिल्या, पण तोफ नाही.

मला वाटतं ती द्यावी. घंटा त्यांच्या गावांच्या होत्या.

स्वयंसेवकांबद्दल एक. नाव स्वयंसेवक असलं तरी पुढे पुढे बळजबरीने पकडून आणलेले खूप होते, आणि सैन्यात जाण्याच्या अटीवर मुक्त केलेले गुलामही. गणवेशात लढून आलेल्या काळ्या सैनिकाच्या घरातली माणसं मात्र मळ्यावर गुलामच. या विसंगतीने लष्कराचे डोळे उघडले असं बरेच जण मानतात. १८८८ मध्ये गुलामी गेली आणि १८८९ मध्ये याच लष्कराने सम्राटाला घालवलं.

---

वाटसरू

वाचतोय. या सगळ्यामागे इंग्लंड होतं, पराग्वेचा स्वावलंबी विकास त्यांना सहन झाला नाही, असं कॉलेजात एका सरांनी सांगितलं होतं. खरं का?

---

दख्खनी

@वाटसरू, १९६० आणि ७० च्या दशकात ही मांडणी तिकडे फार लोकप्रिय होती, डाव्या चळवळीत विशेष. पण कागदपत्रं तिला साथ देत नाहीत. करारावर सह्या झाल्या तेव्हा ब्राझील आणि ब्रिटन यांचे राजनैतिक संबंधच तुटलेले होते. १८६३ मध्ये तुटले, सप्टेंबर १८६५ मध्ये जुळले. करार फोडून दोस्तांना तोंडघशी पाडलं तेही ब्रिटिशांनीच, वर लिहिलंच आहे. लोपेझचं शस्त्रागार, रेल्वे, लोखंडाची भट्टी, यांत इंग्रज तंत्रज्ञ होते. जॉर्ज थॉम्पसन नावाचा इंग्रज त्याच्या सैन्यात कर्नल होता, तटबंदीचं बरंच काम त्याचं.

लंडनच्या बँकांनी ब्राझीलला कर्ज दिलं हे खरं. पैसा मिळेल तिथे पैसा लावणारे ते. पण युद्ध पेटवलं ते प्लाता खोऱ्यातल्या राजकारण्यांनी. सगळा दोष लंडनवर टाकला की त्या चौघांना फुकट सोडल्यासारखं होतं.

---

कृष्णाकाठ

@दख्खनी, पूर्ण सहमत.

आता करारानंतरचं, कारण धाग्याचा अर्धा हेतू तोच होता. ज्या सहाव्या कलमासाठी एवढं रक्त सांडलं, त्याचं पुढे काय झालं? जिंकल्यावर दोघा मोठ्यांचं लगेच बिनसलं. अर्जेंटिनाचे नवे परराष्ट्रमंत्री मारियानो व्हारेला यांनी विजयाने हक्क मिळत नाहीत अशी भूमिका घेतली. उदात्त भूमिका, पण चाकोवर ब्राझीलने हक्क सांगू नये हाही त्यात हिशेब होता. ब्राझीलने तर जानेवारी १८७२ मध्ये पराग्वेशी सरळ वेगळा तह करून आपा नदीपर्यंतची सीमा पदरात पाडून घेतली. अर्जेंटिना भडकला. संपूर्ण चाको अर्जेंटिनाला मिळू नये म्हणून आता ब्राझीलच पराग्वेची पाठराखण करू लागला! असुन्सिओनमध्ये ब्राझीलची फौज १८७६ पर्यंत होती.

त्या वर्षी अर्जेंटिनाशी तह झाला. मिसिओनेस आणि पिल्कोमायो नदीच्या दक्षिणेचा चाको अर्जेंटिनाकडे गेला. पिल्कोमायो आणि व्हेर्दे या नद्यांमधला पट्टा कोणाचा, हे ठरवायला दिलं अमेरिकेच्या अध्यक्षांकडे. रुदरफोर्ड हेज यांनी १२ नोव्हेंबर १८७८ ला तो पराग्वेला दिला. म्हणून पराग्वेत व्हिया हेज नावाचं शहर आणि प्रेसिदेन्ते हेज नावाचा प्रांत आहे. तिथून अर्जेंटिनाची माणसं उठून खाली गेली आणि त्यांनी १८७९ मध्ये फोर्मोसा वसवलं.

या दोघांच्या भांडणामुळे पराग्वे नकाशावर राहिला. आठव्या कलमामुळे नाही.

---

रानवारा

देश नकाशावर राहिला, पण जमीन लोकांची राहिली नाही, हेही लिहायला हवं. युद्धाआधी पराग्वेतली बहुतेक जमीन सरकारी होती, शेतकरी ती खंडाने कसत. युद्धानंतर खजिना रिकामा. १८७१-७२ मध्ये लंडनमध्ये कर्जं काढली, त्यातला थोडाच पैसा असुन्सिओनला पोचला. मग १८८३ आणि १८८५ च्या कायद्यांनी सरकारी जमिनी विकायला काढल्या. कार्लोस कासादोसारख्या एका माणसाकडे चाकोतली लाखो हेक्टर गेली, क्वेब्राचोची झाडं तोडून चामडं कमावायचं टॅनिन काढण्यासाठी. आज पराग्वेत जमिनीचं वाटप जगातल्या सर्वांत विषम वाटपांपैकी आहे. त्याची मुळं त्या विक्रीत आहेत.

युद्धखर्चाचं ओझं तर वेगळंच. उरुग्वेने १८८३ मध्ये सोडून दिलं. अर्जेंटिनाने १९४२ ला, ब्राझीलने १९४३ ला. म्हणजे चौदावं कलम कागदावर सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षं जिवंत होतं.

आणि इताइपू! १८७२ च्या तहात सीमा माराकाजू डोंगररांगेवरून सेते केदास धबधब्यापर्यंत आखली होती. नेमकी कुठून, यावर १९६० च्या दशकात दोन्ही देश हातघाईवर आले. ब्राझीलने तिथे सैनिक नेऊन बसवले. तोडगा म्हणून १९६६ मध्ये इग्वासूचा समझोता आणि १९७३ मध्ये इताइपू धरणाचा करार झाला. १९८२ मध्ये जलाशय भरला आणि वादातला धबधबाच पाण्याखाली गेला. वीज निम्मी निम्मी, पण पराग्वेने आपली उरलेली वीज फक्त ब्राझीललाच द्यायची अशी अट. तिच्या भावावरून तिथे सरकारं हलतात. २००९ मध्ये पराग्वेचे तेव्हाचे अध्यक्ष लुगो आणि ब्राझीलचे अध्यक्ष लुला यांच्यात भरपाई तिप्पट करण्याचं ठरलं, तरी वाद मिटला नाही.

---

निशिगंधा_क

रानवारा, फार महत्त्वाचं लिहिलंत. एक राहून गेलंय असं वाटतं. उरलेल्या देशाचा संसार बायकांनी उभा केला ना? त्यांचं काय?

---

कृष्णाकाठ

@निशिगंधा_क, हो. सैन्यामागे चालत गेलेल्या बायकांना तिथे 'रेसिदेन्तास' म्हणतात. युद्ध चालू असतानाच शेती त्यांच्यावर आली होती, नंतर तर सगळंच. आणि त्यांच्याबरोबर ग्वारानी भाषाही टिकली. आज ती स्पॅनिशच्या बरोबरीने देशाची अधिकृत भाषा आहे. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस पराग्वेला गेले, स्वतः अर्जेंटिनाचे, तेव्हा त्यांनी या स्त्रियांचा जाहीर गौरव केला. अर्जेंटिनाच्या माणसाने ते म्हणणं तिथल्या लोकांना किती लागलं असेल याची कल्पना करता येते.

लोपेझचंही सांगून टाकते. १८६९ मध्ये दोस्तांच्या छत्राखालच्या हंगामी सरकारने त्याला कायद्याबाहेरचा गुन्हेगार ठरवलं होतं. १९३६ मध्ये, बोलिव्हियाशी चाकोचं युद्ध लढून आलेल्या अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली आणि त्याला राष्ट्रवीर जाहीर केलं. त्याचे अवशेष असुन्सिओनच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे राष्ट्रवीरांच्या स्मारकात, नेले. पुढे स्त्रोसनरच्या हुकूमशाहीने त्याचं नाव मनसोक्त वापरलं. दख्खनींनी वर दिलेली १८६८ ची यादी त्या काळात पराग्वेत उघडपणे वाचणं सोपं नव्हतं. ती आता वाचली जाते आहे, तिथले तरुण इतिहासकार दोन्ही गोष्टी एकाच वेळी मांडतात: आक्रमण झालं, आणि आपल्याच राज्यकर्त्याने आपल्याला संपवलं.

---

वाटसरू

मर्कोसुर हा व्यापारी गट याच चौघांचा ना?

---

दख्खनी

@वाटसरू, हो, स्थापनेचे चार देश हेच. २६ मार्च १९९१, करार असुन्सिओनचा, आणि मुख्यालय मोंतेव्हिदेओला. पण २०१२ मध्ये लुगोंना संसदेने काढलं तेव्हा उरलेल्या तिघांनी पराग्वेला निलंबित केलं आणि तो बाहेर असतानाच व्हेनेझुएलाला आत घेतलं. असुन्सिओनच्या वर्तमानपत्रांत आणि भाषणांत तेव्हा लगेच 'त्रिपक्षीय करार' हेच शब्द आले. आपल्याला ती अतिशयोक्ती वाटेल. कृष्णाकाठ यांनी सुरुवातीला मांडलेली कलमं वाचल्यावर मला ती तितकीशी वाटत नाही.